‘सर्वांत अवघड’ म्हणजे कोणत्या हाताला आणि कोणत्या पियानोवर?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतली ‘जगातील दहा सर्वांत अवघड पियानो रचना’ ही यादी वाचली. मराठी वर्तमानपत्राने पाश्चात्त्य अभिजात संगीताला अर्धे पान द्यावे, हे एरवी कौतुकाचेच. पण अशा याद्यांचा परिणाम क्लासमध्ये लगेच दिसतो. पाचव्या ग्रेडचा मुलगा फ्रांझ लिस्टच्या ‘ला कांपानेला’ची पाने डाउनलोड करून पुढे ठेवतो आणि पालक विचारतात, ‘हे केव्हा शिकवणार?’ म्हणून हे पत्र, आणि ते थोडे लांबणार आहे.

यादीत ‘ला कांपानेला’ पहिल्या क्रमांकावर आहे, शोपँचा एकही एट्यूड (एकेका अडचणीच्या सरावासाठी लिहिलेली रचना) नाही आणि रावेलच्या ‘गास्पार द ला न्वी’ या तीन भागांच्या रचनेतल्या मधल्या भागाला ‘तुलनेने सोपा’ म्हटले आहे. या तिन्ही गोष्टींना आमची हरकत आहे. मारवा अवघड की दरबारी, असे विचारले तर आपल्याकडचा गवई आधी ‘कशात?’ म्हणून विचारेल. पियानोच्या बाबतीत तो प्रश्न कुणी विचारतच नाही.

‘ला कांपानेला’ म्हणजे छोटी घंटा. उजव्या हाताने खाली धुनेचा सूर वाजवायचा आणि लगेच वरचा घंटेचा डी शार्प गाठायचा. अंतर कधी दोन ऑक्टेव्ह (म्हणजे दोन सप्तके), कधी त्याहून एक सूर जास्त. व्हिडिओत हात धूसर दिसतो, म्हणून बघणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण वाजवणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी आहेत. घंटेचा सूर बहुतेक वेळ तोच राहतो, म्हणजे नेम धरायची जागा हलत नाही. तो काळ्या पट्टीवर आहे, त्यामुळे बोटाला उंचवटा मिळतो. आणि या उड्यांच्या वेळी डाव्या हाताला फारसे काम नसल्याने नजर उजवीकडे ठेवता येते. उडी चुकते ती बहुधा हात कमानीसारखा वर उचलल्यामुळे. तो पट्ट्यांच्या लगत, सपाट सरकवावा लागतो. सरावाची रीत साधी आहे: खालचा सूर वाजवा, हात न्या, डी शार्पवर बोट नुसते टेकवा, थांबा, मग दाबा. हाताच्या आधी नजर पोचली पाहिजे. टेकवणे अचूक झाले की थांबणे आपोआप आखूड होत जाते. या रचनेतली खरी गैरसोय पुढे आहे. अनामिका आणि करंगळीने ट्रिल, म्हणजे शेजारचे दोन सूर भराभर आळीपाळीने, घ्यायची वेळ येते, भराभर एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो. व्हिडिओत ती जागा विशेष काही वाटत नाही.

आता शोपँचा ओपस १० मधला दुसरा एट्यूड घ्या, ए मायनरमधला. अवघे ४९ बार (तालाचे खंड), दीड मिनिटाच्या आत संपणारा. बघताना काहीच घडत नाही: उजवा हात क्रोमॅटिक स्केल, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या ओळीने, वर-खाली वाजवतो, तोही हळू आवाजात. पण स्केल वाजवायची ती मधले बोट, अनामिका आणि करंगळी या तिघांनीच, कारण अंगठा आणि तर्जनी त्याच हाताने दर ठोक्याला कॉर्डचे (एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्याचे) सूर वाजवण्यात गुंतलेली. मेट्रोनोमची खूण १४४, म्हणजे मिनिटाला तितके ठोके, ठोक्याला चार सूर, म्हणजे सेकंदाला साडेनऊच्या वर. शोपँने या एट्यूडमध्ये जवळपास प्रत्येक सुरावर बोटाचा आकडा लिहून ठेवला आहे, म्हणजे पळवाट बंद.

हे का जड जाते ते टेबलावर करून बघता येईल. पंजा टेबलावर पालथा ठेवा, मधले बोट आत दुमडून घ्या आणि आता अनामिका उचला. उचलत नाही. हाताच्या पाठीवर या बोटांना उचलणाऱ्या कंडरा एकमेकींना आडव्या दुव्यांनी बांधलेल्या असतात. रियाजाने हे दुवे तुटत नाहीत, त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. म्हणूनच हा एट्यूड फसवा आहे. ७२ च्या गतीला कुणालाही जमतो, १०० पर्यंतही ओढता येतो, आणि १२० च्या आसपास एकाएकी ढासळतो. संथ वाजवताना प्रत्येक सुराला सबंध हात थोडा हलवून मदत करता येते. गतीत ती मदत संपते. बिघाडाची सुरुवात मात्र करंगळीत होत नाही, अंगठ्यात होते. विद्यार्थी कॉर्डचे खालचे सूर जोर देऊन वाजवतो, तळवा आवळतो, मग चौथे-पाचवे बोट मागे पडते, आणि विसाव्या-पंचविसाव्या बारला कोपरापर्यंत हात दगड झालेला असतो. उपाय असा की आधी फक्त वरची स्केल त्याच तीन बोटांनी वाजवायची, मग अंगठा-तर्जनी पट्ट्यांना नुसती स्पर्श करतील इतपत, आणि शेवटी प्रत्यक्ष, पण स्केलपेक्षा हलकी. हात कडक होऊ लागला की त्याच क्षणी थांबायचे. ‘सहन करून पुढे जा’ हा सल्ला देणारा शिक्षक असेल तर शिक्षक बदलावा.

ओपस २५ मधला सहावा, जी शार्प मायनरमधला थर्ड्सचा (मधला एक सूर सोडून केलेल्या जोड्यांचा) एट्यूड याचा थोरला भाऊ. सेकंदाला नऊ जोड्या, त्याही ‘सोत्तो व्होचे’, म्हणजे दबक्या आवाजात. दोन्ही सूर एकाच क्षणी खाली गेले नाहीत तर खडखड ऐकू येते, आणि हळू आवाजात ती लपवता येत नाही.

आणि लिस्टचेच उदाहरण हवे असेल तर ‘फ्यू फोले’ घ्या: ‘ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स’मधला पाचवा. नावाचा अर्थ रानात रात्री दिसणारे भुताचे दिवे. यात उजव्या हाताला जोडसूर आहेत, पण थर्ड्सचा एट्यूड निदान थर्ड्सचा तरी असतो. इथे दोन सुरांमधले अंतर सतत बदलते, त्यामुळे पंजाचा आकार दर अर्ध्या ठोक्याला बदलतो. त्याच वेळी डावा हात उड्या मारत असतो. नजर ठेवायची कुठे? शिवाय सगळे कुजबुजल्यासारखे हवे. ‘ला कांपानेला’ स्वच्छ वाजवणारे विद्यार्थी मुंबई-पुण्या-गोव्यात सापडतील. ‘फ्यू फोले’ मागितल्या गतीत, मागितल्या आवाजात वाजवणारे फार थोडे. तरी यादीत हा एट्यूड नाही, कारण त्यात दिसायला काही नाही.

आता पियानोची गोष्ट. ती कुठल्याच यादीत नसते.

बालाकिरेव्ह या रशियन संगीतकाराची ‘इस्लामे’ १८६९ ची. ‘गास्पार’ १९०८ चे, आणि त्यातला शेवटचा भाग ‘स्कार्बो’ हा ‘इस्लामे’पेक्षा अवघड करायचा असा रावेलचा जाहीर इरादा होता. दोन्हींत एकच सूर अतिशय वेगाने पुन्हा पुन्हा वाजतो. ग्रँड, म्हणजे आडव्या मोठ्या, पियानोत हे जमते, कारण सेबास्तियाँ एरार्ड या पियानो बनवणाऱ्याने १८२१ मध्ये पेटंट घेतलेली यंत्रणा. तिच्यामुळे पट्टी अर्ध्यावर परत आली तरी हॅमर (तारेवर आपटणारी हातोडी) पुढच्या ठोक्याला तयार असतो. अपराइट, म्हणजे उभ्या, पियानोत ही सोय नसते. पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. म्हणजे बोटे कितीही तयार असली तरी चार-पाच सुरांनंतर एखादा सूर गळणारच. आपल्याकडे बहुतेक घरांत अपराइट किंवा डिजिटल पियानो असतो. डिजिटलमध्येही पट्टीखाली दोनच सेन्सर असतील तर हाच त्रास, तीन असतील तर बराच कमी. मुंबईत आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात भर पडते. पियानोला हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास मानवते. जुलैत ती ८०-९० वर जाते, लाकूड आणि पट्टीच्या खिळ्याभोवतीचे फेल्ट फुगते, पट्टी आळसटल्यासारखी परत येते. अशा पियानोवर ‘स्कार्बो’चा पहिला डी शार्प घुमवू पाहणारा विद्यार्थी महिनाभर स्वतःच्या बोटांना दोष देत बसतो. दोष कुणाचा ते एका मिनिटात कळते: एकाच पट्टीवर तीन-दोन-एक अशी बोटे बदलत वाजवा, मग तेच शेजारच्या चार पट्ट्यांवर करून बघा. एकाच पट्टीवर सूर गळत असतील तर पियानोच्या कारागिराला बोलवा. सगळ्यांवर सारखेच गळत असतील तर ती अपराइटची मर्यादा आहे किंवा बोटांची, आणि यातले कोणते ते एखाद्या ग्रँडवर दहा मिनिटे बसल्याशिवाय ठरत नाही.

‘गास्पार’चा पहिला भाग ‘आँदीन’, जलपरी. सुरुवातीलाच उजव्या हाताला अतिशय हळू आवाजातली थरथर आहे: सी शार्पची कॉर्ड आणि तिला खेटून ए. बोटे हलवणे जड नाही. आवाज इतका कमी ठेवून प्रत्येक सूर उमटवणे जड आहे. पट्टी दहा मिलिमीटर खाली जाते, पण इतक्या हळू दाबली तर हॅमर तारेपर्यंत पोचतच नाही. जुन्या, नीट न जुळवलेल्या पियानोवर प्रत्येक पट्टीची ही मर्यादा वेगळी, म्हणून थरथरीत भोके पडतात. मग विद्यार्थी आवाज वाढवतो, आणि खालून डाव्या हाताची धून येते तेव्हा ती बुडून जाते.

आणि तो ‘तुलनेने सोपा’ मधला भाग, ‘ल जिबे’, फाशीचा खांब. ५२ बार. बी फ्लॅटचा ऑक्टेव्ह दूरच्या घंटेसारखा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत राहतो, आणि शेवटपर्यंत घाई करू नका, मंदावू नका, असे रावेलने बजावले आहे. स्वर तीन ओळींवर लिहिले आहेत, हात दोनच. घंटेचा ऑक्टेव्ह कधी या हाताकडे जातो, कधी त्या, आणि ऐकणाऱ्याला हे हस्तांतर कळता कामा नये. भोवती जाड कॉर्ड बदलत राहतात, पण घंटा त्याच आवाजाची, त्याच वजनाची. आपल्या श्रोत्यांना हे वेगळे सांगायला नको. झुमऱ्यात विलंबित ख्याल धरून ठेवणे आणि द्रुत तान घेणे यातले अवघड काय, यावर आपल्याकडे मैफल संपल्यावर रात्र सरते.

रखमानिनोव्हच्या तिसऱ्या कॉन्चेर्टोला (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) यादीत दुसरा क्रमांक आहे. १९९६ च्या एका चित्रपटानंतर या रचनेभोवती वलय आले. ती अवघड आहे यात वाद नाही, पण कोणाला किती, हे वितीवर ठरते. आजच्या पियानोत पांढरी पट्टी साडेतेवीस मिलिमीटर रुंद. एका सुराच्या मध्यापासून नवव्या सुराच्या मध्यापर्यंत १८८ मिलिमीटर, दहाव्यापर्यंत २११ च्या थोडे वर. ज्याची वीत नवव्यापर्यंतच आहे त्याला रखमानिनोव्हच्याच दुसऱ्या कॉन्चेर्टोच्या सुरुवातीच्या कॉर्ड मोडून, खालून वर लोळवत वाजवाव्या लागतात. मोठ्या पंजाचा माणूस त्या सहज ठेवतो. तिसरा कॉन्चेर्टो १९०९ चा, योझेफ हॉफमनला अर्पण केलेला. हॉफमन त्या काळचा अव्वल पियानोवादक, हात मात्र लहान. स्टाइनवे या पियानो कंपनीने त्याच्यासाठी किंचित अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते. त्याने हा कॉन्चेर्टो जाहीरपणे कधी वाजवलाच नाही. आज अरुंद पट्ट्यांचे कीबोर्ड पुन्हा बनू लागले आहेत, १६५ ऐवजी १५२ किंवा १४० मिलिमीटरचा ऑक्टेव्ह असलेले. अशा कीबोर्डवर हीच रचना ज्यांना निम्म्याने सोपी जाईल अशी माणसे आहेत. म्हणजे अवघडपणाचा एक हिस्सा कागदावर नसून सुताराच्या फूटपट्टीवर आहे. या कॉन्चेर्टोच्या पहिल्या भागात कॅडेन्झाही (ऑर्केस्ट्रा थांबून पियानो एकटाच वाजतो तो भाग) दोन छापलेल्या असतात, एक हलकी, एक भारदस्त. स्वतः रखमानिनोव्ह हलकी वाजवी. यादी करणाऱ्याने कोणती धरली?

वाद्य बदलले की अवघडपण कसे बदलते याची जुनी उदाहरणेही आहेत. बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ १७४१ च्या, दोन कीबोर्डच्या हार्पसिकॉर्ड या पियानोच्या आधीच्या वाद्यासाठी. तीसपैकी अकरा व्हेरिएशन्सवर ‘दोन कीबोर्ड’ असे स्पष्ट लिहिले आहे. पियानोवर कीबोर्ड एकच, त्यामुळे दोन्ही हात एकाच जागेवर येऊन आदळतात, आणि कोण वर, कोण खाली हे प्रत्येक बारसाठी ठरवून पानावर लिहून ठेवावे लागते. बीथोव्हनच्या ‘वाल्डश्टाइन’ सोनाटाच्या शेवटी ऑक्टेव्हचे ग्लिसांडो आहे, एकाच हाताने दोन्ही सूर घसरवत नेण्याचे. त्या काळच्या व्हिएन्नाच्या पियानोच्या पट्ट्या हलक्या आणि उथळ, तिथे हे शक्य होते. आजच्या पट्टीला साधारण ५० ग्रॅम वजन लागते आणि ती खोल जाते. कातडी सोलून निघते. बहुतेक वादक ते दोन हातांत वाटून घेतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

क्लासमध्ये सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न मात्र यातला नसतोच. तो असतो: शोपँचे पहिले बॅलाड आधी की चौथे? उत्तर निःसंशय पहिले, पण कारण लोक समजतात ते नाही. दोन्हींचे शेवट, म्हणजे कोडा, भयंकर आहेत. पहिल्याचा २०८ व्या बारपासून, चौथ्याचा २११ व्यापासून. पहिल्याच्या कोडात एकच आकृती पुनःपुन्हा येते. ती एकदा हातात बसली की निम्मे काम झाले. चौथ्यात उजव्या हाताला जोडसूर आणि आकृती सारखी पालटते. तरी कोडापेक्षा मोठा फरक आधीच्या दोनशे बारमध्ये आहे. चौथ्यात तीच मुख्य धून दर वेळी नव्या गुंफणीत येते, उजव्या हाताच्या खालच्या बोटांत दुसरी धून चालू असते, मध्येच एक आवाज दुसऱ्याचा पाठलाग करतो. करंगळीत गाणे, अंगठ्यात दुसरे गाणे, आणि दोन्हींचे वजन वेगळे. हे ज्याला जमत नाही त्याने कोडा कितीही घटवला तरी चौथे बॅलाड वाजत नाही, फक्त संपते. आमचे मत असे की बाखचे तीन आवाजांचे किमान पाच-सहा फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाज उचलतात अशा रचना) हातात बसल्याशिवाय ते सुरूच करू नये.

बीथोव्हनचा ‘हामरक्लाविअर’ सोनाटा यादीत आहे, हे बरे झाले. पण तिथेही ‘कोणत्या गतीला?’ हा प्रश्न उरतोच. बीथोव्हनने पहिल्या भागावर मिनिमला (अर्ध्या नोटला) मिनिटाला १३८ अशी खूण दिली. तिच्या जवळपास जाणारे फार थोडे. १९३० च्या दशकात आर्टुर श्नाबेलने ध्वनिमुद्रणात ती गाठायचा प्रयत्न केला. १०८ ला वाजवला तर तो वेगळ्याच जातीचा सोनाटा होतो: बोटांना सुसह्य, पण आधीच पाऊण तासाची असलेली रचना आणखी लांबते. शेवटचा फ्यूग येतो तेव्हा पंधरा-वीस मिनिटांचा संथ भाग नुकताच संपलेला असतो. हात थंड, डोके थकलेले, आणि स्मृती दगा देते ती इथे. सुटा फ्यूग घरी बिनचूक वाजतो म्हणून काही सिद्ध होत नाही. संथ भाग पूर्ण वाजवून लगेच फ्यूग घेऊन बघायचा.

लांबीचाच मुद्दा असेल तर कायखुस्रू शापूरजी सोराबजीला वगळून कसे चालेल? जन्म इंग्लंडचा, वडील मुंबईचे पारशी इंजिनिअर. त्याच्या १९३० च्या ‘ओपस क्लाव्हिचेम्बालिस्टिकम’ला चार तासांच्या वर वेळ लागतो. मुंबईशी एवढे नाते असलेला हा एकच संगीतकार अशा यादीत बसण्याजोगा, आणि मराठी पुरवणीतल्या यादीतून नेमका तोच गायब.

तुलना करूच नये असे आमचे म्हणणे नाही. परीक्षा मंडळांना करावीच लागते. हेन्ले ही जर्मन प्रकाशनसंस्था आपल्या पियानोच्या पुस्तकांना अवघडपणाचे १ ते ९ असे आकडे देते, आणि ते सुरुवातीच्या निवडीला उपयोगीही पडतात. पण वरच्या टोकाला सगळे आकडे गर्दी करतात. डिप्लोमाच्या एकाच पातळीच्या यादीत मोत्झार्ट आणि लिस्ट शेजारी शेजारी दिसतात. लिस्टमध्ये पाच सूर चुकले तर पेडल सांभाळून घेते, मोत्झार्टमध्ये एक डगमगला तर परीक्षकाची पेन्सिल हलते. रचना निवडताना आकड्यावर विसंबण्यापेक्षा त्यातले सर्वांत वाईट आठ बार शोधावेत (ते बहुधा पहिल्या पानावर नसतात) आणि मागितलेल्या गतीच्या साठ टक्क्यांवर रोज वीस मिनिटे, दोन आठवडे करून बघावेत. शेवटी सलग तीनदा, हात न आवळता, मागितलेल्याच आवाजात आले तर रचना घ्यायला हरकत नाही. आले नाहीत तर नेमके काय अडले ते लिहून ठेवावे: वीत, चौथे-पाचवे बोट, उडी, एकाच सुराची पुनरावृत्ती, आवाजाचे वजन, की स्मरण. पुढची रचना निवडताना तो कागद कुठल्याही यादीपेक्षा कामाचा ठरतो.

जाता जाता एक दुरुस्ती. आपण ‘ला कांपानेला’चे वर्ष १८३८ छापले आहे आणि सोबतच्या चित्रात तिची हल्ली सगळीकडे वाजणारी जी शार्प मायनरमधली पाने आहेत. ती १८५१ ची आवृत्ती. धून पॅगानिनीच्या दुसऱ्या व्हायोलिन कॉन्चेर्टोची. १८३८ ची आवृत्ती ए फ्लॅट मायनरमध्ये आहे आणि बरीच अधिक अवघड. लिस्टने नंतर स्वतःच ती बाजूला ठेवून ही सोपी करून लिहिली.

आपले,
पियानोचे काही शिक्षक, पुणे